बर्लिन बचावातून अर्धा गुण: चालींचा क्रम, अदलाबदली आणि बरोबरी नोंदवण्याची रीत

बुद्धिबळातला बर्लिन बचाव (तिसऱ्या चालीला काळ्याने घोडा एफ६ वर आणून सुरू होणारी रचना) म्हणजे काळ्या मोहऱ्यांना हमखास बरोबरी, असं समजून अनेक जण पहिल्या आठ चाली पाठ करतात आणि नवव्या चालीपासून गोंधळतात. वजीर गेले म्हणजे धोका गेला, असं वाटतं. मग दिसेल तो मोहरा बदलत सुटतात आणि चाळिसाव्या चालीच्या आसपास प्यादा-राजाच्या अंतिम पर्वात (मोजके मोहरे उरलेल्या डावाच्या शेवटच्या भागात) हरतात. खरं तर इथे बरोबरी क्रमाने मिळते. कोणती चाल कोणत्या चालीआधी, हे चुकलं की सगळं चुकतं.

नमुन्यादाखल एकच डाव घेऊ: गॅरी कास्पारोव विरुद्ध व्लादिमीर क्रामनिक, लंडन, ऑक्टोबर २०००, जगज्जेतेपदाच्या लढतीतला पहिला डाव. २५ चालींत बरोबरी. त्या लढतीत क्रामनिक पहिल्या, तिसऱ्या, नवव्या आणि तेराव्या डावात बर्लिन खेळला आणि चारही डाव बरोबरीत सुटले.

लेखनपद्धती अशी: रा, व, ह, उं, घो म्हणजे राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा. नुसतं घर लिहिलं असेल तर प्याद्याची चाल. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, किल्लेकोट म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल. आकड्यापुढे तीन टिंबं असतील तर ती काळ्याची चाल. ह(ए) म्हणजे ए फाइलवरचा, म्हणजे ए या उभ्या रांगेतला हत्ती.

१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-बी५ घो-एफ६ ४. किल्लेकोट घो×ई४ ५. डी४ घो-डी६ ६. उं×सी६ डी×सी६ ७. डी×ई५ घो-एफ५ ८. व×डी८+ रा×डी८ ९. घो-सी३ उं-डी७ १०. बी३ एच६ ११. उं-बी२ रा-सी८ १२. एच३ बी६ १३. ह(ए)-डी१ घो-ई७ १४. घो-ई२ घो-जी६ १५. घो-ई१ एच५ १६. घो-डी३ सी५ १७. सी४ ए५ १८. ए४ एच४ १९. घो-सी३ उं-ई६ २०. घो-डी५ रा-बी७ २१. घो-ई३ ह-एच५ २२. उं-सी३ ह-ई८ २३. ह-डी२ रा-सी८ २४. एफ४ घो-ई७ २५. घो-एफ२ घो-एफ५, बरोबरी.

टप्पा १: पटावर बसण्याआधीची तयारी

खरा पट मांडा. मोबाइलवर चाली सरकवत गेलात तर हात क्रम शिकत नाही. वरचा डाव आधी पांढऱ्याच्या बाजूने बसून एकदा खेळा, मग काळ्याच्या बाजूने दोनदा. नवव्या चालीनंतर प्रत्येक काळ्या चालीपाशी थांबून वहीत एकच ओळ लिहा: ही चाल आत्ताच का, एक चाल आधी किंवा नंतर का नाही? सुरुवातीला निम्म्या चालींना उत्तर सुचणार नाही. सरावाची खरी जागा तीच.

पुढची तयारी जास्त महत्त्वाची आहे. आठव्या चालीनंतरची स्थिती मांडून जोडीदाराशी १५ मिनिटं अधिक १० सेकंद या वेळेत सहा डाव खेळा, तीन पांढऱ्याने आणि तीन काळ्याने. पांढऱ्याने खेळल्याशिवाय त्याला नेमकं काय हवंय ते कळत नाही.

प्रतिस्पर्धी या मुख्य मार्गावर येईलच असंही नाही. आजकाल बरेच जण चौथ्या चालीला डी३ खेळून हे अंतिम पर्वच टाळतात, त्यामुळे त्याचं उत्तर तयार हवं. साधं उत्तर म्हणजे ४... उं-सी५. यानंतर ५. उं×सी६ डी×सी६ ६. घो×ई५ असं प्यादं खायला कुणी गेलं, तर ६... व-डी४. वजीर एकाच वेळी एफ२ वर मात करण्याची धमकी देतो आणि ई५ च्या घोड्यावर येतो. घोडा वाचत नाही.

तपासा: ४. डी३ आणि ४. किल्लेकोट घो×ई४ ५. ह-ई१ या दोन्हींना तुमची पुढची तीन-तीन उत्तरं न अडखळता सांगता येतात का? येत नसतील तर बर्लिन अजून स्पर्धेत आणू नका.

टप्पा २: पहिल्या आठ चाली आणि त्यातले खड्डे

५. ह-ई१ आली तर घोडा डी६ वर. मग ६. घो×ई५ नंतर बी५ चा उंट फुकट दिसतो आणि हात शिवशिवतो. ६... घो×बी५ ही मोठी चूक आहे. ७. घो×सी६+ हा उघडा शह (मधला मोहरा हटल्यावर मागच्या मोहऱ्याचा लागणारा शह) बसतो. शह हत्तीचा असल्यामुळे घोड्याला मारता येत नाही आणि घोडा थेट डी८ च्या वजिरावर नजर ठेवून असतो. वजीर गेला. बरोबर चाल ६... उं-ई७. आधी ई फाइल बंद करा, हिशोब नंतर.

मुख्य मार्गात ६. उं×सी६ नंतर डी-प्याद्यानेच मारायचं. बी-प्याद्याने मारलं तर ७. डी×ई५ नंतर घोड्याला चांगलं घर सापडत नाही आणि सी८ चा उंट कोंडलेला राहतो. डी-प्याद्याने मारल्यावर प्यादी दुहेरी होतात, पण उंटाची वाट उघडते आणि घोड्याला एफ५ हे भक्कम घर मिळतं.

आठव्या चालीला राजाने वजीर मारायचा आहे, दुसरा पर्यायच नाही. किल्लेकोट गेला. कुरकुरू नका, पुढे राजाला किल्लेकोटापेक्षा बरं घर मिळणार आहे.

टप्पा ३: नवव्या चालीपाशी एक मिनिट थांबा

घड्याळात वेळ भरपूर असतो, तरी इथे लोक भराभर खेळतात. प्यादी मोजा. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार (ई, एफ, जी, एच), काळ्याची तीन. वजिराच्या बाजूला काळ्याची चार, पांढऱ्याची तीन. पण काळ्याची दोन सी फाइलवर एकामागे एक. पांढऱ्याची चार विरुद्ध तीन प्यादी पुढे सरकून मोकळं प्यादं (ज्याला अडवायला समोरच्याचं प्यादं उरलेलं नाही असं) तयार करू शकतात. काळ्याची चार विरुद्ध तीन दुहेरी प्याद्यांमुळे ते सहजी करू शकत नाहीत.

आता पटावरून राजे आणि प्यादी सोडून सगळं उचलून ठेवा आणि खेळून बघा. पांढरा जिंकतो. म्हणूनच सरसकट अदलाबदल म्हणजे पराभवाकडे चालत जाणं.

काळ्याकडे बदल्यात दोन उंट आहेत आणि पांढरी घरं आहेत. उंट घालवले आणि पांढरी घरं सोडली, की हातात फक्त मोडकी प्यादी उरतात.

टप्पा ४: राजा आधी, बाकी नंतर

क्रामनिकने नवव्या चालीला उंट डी७ वर आणला, दहाव्याला एच६ खेळला, अकराव्याला राजा सी८ वर नेला. मग बी६. राजा बी७ वर जायला वाट झाली.

एच६ का? एफ३ चा पांढरा घोडा जी५ वर येऊन एफ७ वर दाब टाकू शकतो. सी१ चा उंटही जी५ वरून डी८ च्या राजाला शह देऊ शकतो. एका प्याद्याने दोन्ही बंद. पांढऱ्याने १०. बी३ खेळून उंट बी२ कडे वळवला, पण घोड्याची धमकी होतीच.

सावधान: एच६ न खेळता उंट ई६ वर नेऊ नका. घो-जी५ आला की पुढे घो×ई६ शहासकट येतो, एफ-प्याद्याने मारावं लागतं, उंटांची जोडी जाते आणि ई६ वर एकटं अशक्त प्यादं उरतं. ही चूक जिल्हा पातळीवर सर्रास दिसते.

राजाला डी८ वर ठेवून दुसरीकडे चाली घालवू नका. डी फाइल मोकळी आहे, पांढरा हत्ती डी१ वर येणारच. या डावात तेराव्या चालीला तो आला तेव्हा राजा आधीच दोन चाली बाजूला होता. नवव्या चालीलाच ९. ह-डी१+ आला तर घाबरू नका, राजा ई८ वर. तिथे राहूनही खेळता येतं. ९. घो-सी३ नंतरही ९... रा-ई८ १०. एच३ एच५ असा मार्ग आज पुष्कळ खेळला जातो. फक्त दोन्ही योजनांची सरमिसळ करू नका: आधी ई८, मग सी८, मग परत डी८, असा राजा फिरवत बसलात तर पांढऱ्याला तेवढ्या चाली फुकट मिळतात.

टप्पा ५: एच-प्यादं आणि घोड्याची ये-जा

सगळ्यात चुकीचा समजला जाणारा भाग हाच.

बाराव्या चालीला पांढऱ्याने एच३ खेळली. हेतू उघड आहे: जी४ खेळून एफ५ च्या घोड्याला हाकलायचं आणि प्याद्यांची रांग पुढे काढायची. क्रामनिकने घोडा हाकलला जाण्याची वाट पाहिली नाही. १३... घो-ई७ आणि १४... घो-जी६. तिथून घोडा ई५ वर दाब ठेवतो आणि एच४ हे घरही राखतो.

आता पंधरावी चाल बघा. पांढऱ्याने घोडा एफ३ वरून ई१ वर नेला आणि त्याच क्षणी काळ्याने एच५ खेळली. जी५ चा धोका घोड्याबरोबर गेला, त्यामुळे एच६ चं राखणदारीचं काम संपलं आणि प्यादं मोकळं झालं. शिवाय एफ३ वर घोडा असेपर्यंत एच४ हे घर त्याच्या माऱ्यात होतं, तेही सुटलं. एक चाल आधी एच५ खेळली असती तर जी५ परत उघडं पडलं असतं.

अठराव्या चालीला एच४. आता पांढऱ्याची जी आणि एच प्यादी कुलूपबंद. जी४ खेळलं तर आँ पासाँने (दोन घरं सरकलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने लगेच मारण्याच्या नियमाने) एच×जी३, जी३ खेळलं तर थेट एच×जी३. कसंही असो, काळ्या हत्तीसाठी एच फाइल उघडते. चार विरुद्ध तीन प्याद्यांचा पांढऱ्याचा फायदा कागदावर राहिला, पटावर नाही.

आणि मग पंचविसाव्या चालीला घोडा परत एफ५ वर, जिथून तो तेराव्या चालीला निघाला होता. तेव्हा जी४ ने त्याला हाकलता येत होतं, आता येत नाही. बारा चाली घालवून काळ्याने तेच घर कायमचं घेतलं. संगणकाचा आकडा बघत डाव वाचणाऱ्यांना ही ये-जा वाया गेलेली वाटते. मला तर हा सगळा बचाव या एका घोड्यात दिसतो.

तपासा, एच४ ढकलण्याआधी: (क) पांढरा घोडा एफ३ वर नाही ना? (ख) एच४ ला तुमचा किमान एक राखणदार आहे का? या डावात आधी जी६ चा घोडा होता, नंतर एच५ चा हत्ती. (ग) एच८ चा हत्ती अजून एच फाइलवरच आहे ना? तो आधीच डी८ वर नेला असेल तर या ढकलण्यात फारसा अर्थ उरत नाही.

हत्ती बाहेर काढण्याची वाटही याच प्याद्याने दिली. २१... ह-एच५: किल्लेकोट न करता हत्ती थेट पाचव्या ओळीत, ई५ वर नजर. जी६ चा घोडा आणि एच५ चा हत्ती असे दोन मोहरे एका प्याद्यावर, त्यामुळे पांढऱ्याला एफ४ ने आधार द्यावा लागला.

टप्पा ६: डी५ आणि एफ५, दोन घरांची चौकीदारी

१६... सी५ ने डी४ पांढऱ्या घोड्याला बंद झालं, पण डी५ मोकळं पडलं. १७. सी४ ने पांढऱ्याने ते पक्कं केलं आणि विसाव्या चालीला घोडा तिथे बसवला. इथे अनेकांचा हात लगेच सी६ कडे जातो, कारण दुहेरी प्याद्यांतलं मागचं प्यादं सी७ वर अजून आहे. पण लगेच सी६ खेळलं तर घो×बी६+ आणि प्यादं शहासकट गेलं, कारण बी६ चा आधार सी७ चं प्यादंच होतं. क्रामनिकने आधी राजा बी७ वर आणला. आता बी६ राजाच्या संरक्षणात, सी६ ची धमकी खरी. कास्पारोवचा घोडा पुढच्याच चालीला ई३ वर परतला.

चोविसाव्या चालीला एफ४ आली तेव्हा पुढची धमकी एफ५ होती: एक प्यादं जी६ चा घोडा आणि ई६ चा उंट यांच्यावर एकदम. उत्तर घो-ई७. घोडा दुहेरी माऱ्यातून निघाला आणि त्याच चालीत एफ५ वर तिसरा पहारेकरी झाला, उंट आणि हत्ती आधीच होते.

एफ८ चा उंट पूर्ण डावात हलला नाही. विकास राहिला म्हणून त्याला घाईने बाहेर काढणारे बरेच असतात. तो तिथून जी७ राखतो. पांढऱ्याने कधी ई-प्यादं ई६ वर ढकलून त्याचा बळी देऊन बी२-जी७ हा कर्ण उघडला तर हाच उंट कामाला येतो. बसलेला मोहरा निकामीच असतो असं नाही.

टप्पा ७: काय बदलायचं, काय नाही

घोड्याला घोडा: चालतं, बहुतेकदा बरं. पांढऱ्याकडे दोन घोडे आहेत, एक कमी झाला की धमक्या कमी होतात.

काळ्या घरांवरचा उंट देऊन पांढऱ्याचा घोडा घेणं: योग्य वेळी उत्तम. मग पांढऱ्याकडे फक्त काळ्या घरांचा उंट आणि तुमच्याकडे फक्त पांढऱ्या घरांचा. विरुद्ध रंगांचे उंट आणि पांढऱ्या घरांवर अडवलेली प्यादी, इथे एक प्यादं कमी असूनही बऱ्याचदा डाव वाचतो.

पांढऱ्या घरांवरचा उंट देणं: जवळजवळ कधीच नाही. ई६ आणि एफ५ तोच सांभाळतो.

दोन्ही हत्ती एकदम बदलणं: आधी टप्पा ३ मधली चाचणी करा. मागे काय उरतंय ते पाहूनच.

बरोबरी म्हणजे निष्क्रिय बसणंही नाही. २०१३ च्या चेन्नईतल्या लढतीत चौथ्या डावात आनंदविरुद्ध कार्लसनने काळ्या मोहऱ्यांनी हेच अंतिम पर्व खेळताना अठराव्या चालीला उंटाने ए२ चं प्यादं उचललं आणि डाव ६४ चालींनी बरोबरीत सुटला. सहाव्या डावात पुन्हा बर्लिन, पण आनंदने ४. डी३ खेळून वजीर पटावर ठेवले आणि पुढे हत्तींच्या अंतिम पर्वात पांढरा हरला. हा बचाव दोन्ही बाजूंना हरता येतो.

टप्पा ८: बरोबरीचा प्रस्ताव

पटावर वाचवलेला अर्धा गुण टेबलावर घालवणारे कमी नाहीत.

आधी स्पर्धेचं माहितीपत्रक वाचा. काही स्पर्धांत ठरावीक चालींपूर्वी परस्पर संमतीने बरोबरी करता येत नाही. २०२१ च्या दुबईतल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत ही मर्यादा ४० चालींची होती. तिथे आपला २५ चालींचा डाव असा संपलाच नसता.

क्रम असा: पटावर तुमची चाल करा, मग तोंडाने बरोबरी सुचवा, मग घड्याळ दाबा. दोघांनीही स्कोअरशीटवर (चाली लिहिण्याच्या कागदावर) त्या चालीपुढे (=) लिहायचं. प्रस्तावाला अट घालता येत नाही आणि तो मागे घेता येत नाही. समोरच्याने तोंडी नकार दिला, किंवा चाल करण्याच्या हेतूने मोहऱ्याला हात लावला, की तो संपतो.

सावधान: प्रतिस्पर्धी विचार करत असताना प्रस्ताव देऊ नका. प्रस्ताव वैध ठरतो, पण त्रास दिल्याची तक्रार होऊ शकते. दर तीन चालींनी विचारणं हाही त्रासच.

टप्पा ९: तीनदा तीच स्थिती आली तर

बर्लिनमध्ये राजा सी८-बी७ आणि हत्ती मागे-पुढे होत राहतात, त्यामुळे हा प्रसंग वारंवार येतो. तुमच्या चालीने तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर:

१) ती चाल स्कोअरशीटवर लिहा, पटावर करू नका.
२) मोहऱ्याला हात लावू नका. लावलात तर त्या चालीपुरता दावा गेला.
३) घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा, दावा सांगा.

प्रतिस्पर्ध्याच्या चालीने तिसऱ्यांदा स्थिती आली असेल तर तुमची पाळी असतानाच दावा करायचा. चाल करून मोकळे झालात की संधी गेली. तीच स्थिती म्हणजे तीच मोहरी त्याच घरांवर, पाळीही त्याच खेळाडूची आणि उपलब्ध चालीही त्याच. एच४-जी४ वरचा आँ पासाँचा हक्क पहिल्या वेळी होता आणि नंतर नाही, तर ती स्थिती वेगळी धरली जाते. नेमका याच बचावात हा घोळ होतो. पुनरावृत्ती लागोपाठच हवी असंही नाही.

दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात, डाव पुढे चालतो आणि लिहिलेली चाल तुम्हाला करावीच लागते. म्हणून ती चाल दाव्याशिवायही खेळण्याजोगी आहे का ते आधी बघा. दावा मागे घेता येत नाही. पाचदा तीच स्थिती आली तर मात्र दाव्याची गरज नाही, डाव आपोआप बरोबरीत.

हे सगळं स्कोअरशीट वाचता येत असेल तरच. प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढून मिळणाऱ्या डावात शेवटपर्यंत लिहावंच लागतं. पंच तुमच्या अक्षरावरून पट पुन्हा मांडणार आहेत. निकाल ठरला की दोन्ही स्कोअरशीटवर दोघांच्या सह्या, आणि मगच मोहरी परत जागेवर.